तिसऱ्या टाकीतली हवा

१

पाणबुड्याने सकाळी हॉलचं दार उघडलं तेव्हा तिसऱ्या टाकीवरचा भोंगा टीं-टीं, टीं-टीं करत होता. रात्रभर ओरडून त्याचा घसा बसला होता. टाकीतल्या मोठ्या माद्या पोटं वर करून तरंगत होत्या. कोपऱ्यात ताज्या पाण्याची बारीक धार पडते, तिथे चार-दोन लहान मासे तोंडं वर काढून कसाबसा जीव धरून होते. पाणबुड्याने आधी भोंगा थांबवला, मग हवेच्या नळीकडे पाहिलं. एकही बुडबुडा येत नव्हता. हवेचा कॉक गच्च बंद होता.

पाणबुड्या म्हणजे टाक्यांचा राखणदार. नोकरीला लागला त्याच आठवड्यात पाय घसरून टाकीत पडला, तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त पगार देणाऱ्याला ठाऊक. संशोधन केंद्राच्या मागच्या खोलीत तो, बायको आणि म्हातारी आई राहत. हॉलची किल्ली एकट्या त्याच्याकडे असे, त्यामुळे संशयाला फार लांब जावं लागलं नाही. दुपारी केंद्राच्या साहेबांनी फळ्यावर छापील नोटीस लावली: तिसऱ्या टाकीची मंद ठेवलेली हवा कोणीतरी पूर्ण बंद केली आहे, चौकशी होईपर्यंत राखणदाराने कामावर येऊ नये, दोष ठरल्यास खोलीही सोडावी.

त्या माद्या साध्यासुध्या नव्हत्या. अंड्यापासून वाढवलेल्या, वर्षानुवर्षं जपलेल्या. त्यांच्यावर एक नाजूक प्रयोग चालला होता: मादीच्या अंडी घालण्याच्या वेळी नर जो घुर्र-घुर्र आवाज काढतो तो पाण्यात ऐकवायचा, सोबत नराच्या अंगच्या वासाचे चार थेंब सोडायचे, आणि संप्रेरकाची सुई न टोचता मादी आपणहून अंडी घालते का ते पाहायचं. आवाजाचा भाग भौतिकशास्त्रवाल्या सरांचा, थेंबांचा भाग रसायनवाल्या बाईंचा. यश कोणाच्या खात्यावर जाणार, यावरून दोघांत अधूनमधून ठिणग्या उडत, हे साऱ्या केंद्राला माहीत होतं.

चौकशीला माशांची डॉक्टरीण बोलावली. माशांची डॉक्टरीण म्हटलं की लोक हसतात. पेशंट कुठे दुखतंय ते सांगत नाही आणि बरा झाला तर ताटात जातो. पण त्या भागात या विद्येचं माणूस तेवढं एकच होतं. आवाजवाले सर तिचे सख्खे थोरले भाऊ, हे ऐकून साहेब म्हणाले, "असू द्या हो. कानसेनांवर संशय घ्यायचाय कुणाला?"

कानसेन हे सरांचं केंद्रातलं नाव. माशाची घुरघुर पाण्यातल्या माइकवर पहिल्यांदा त्यांनीच पकडली होती.

२

डॉक्टरणीने तोंडावर मास्क चढवला आणि मेलेल्या माद्या टेबलावर घेतल्या. दादा शेजारी उभा होता, एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा.

"दादा, ती सुरी दे जरा."

"बरी आहे," दादा म्हणाला. "माहेरी गेलीय चार दिवस."

हा कुठल्या तंद्रीत आहे कोण जाणे, असं मनाशी म्हणत तिने सुरी आपल्याच हाताने उचलली.

मासे मुके असले तरी मेल्यावर खोटं बोलत नाहीत. तोंडं वासलेली, कल्ले फुललेले, आधी मेल्या त्या मोठ्या, टिकले ते धारेपाशी गेलेले लहान. विष असतं तर लहानांनी आधी मान टाकली असती. प्राणवायू संपला की मोठ्या अंगाला आधी कमी पडतो. म्हणजे थेंबांनी काही झालेलं नव्हतं. मासे गुदमरून मेले होते.

तिने मास्क उतरवून हे सांगितलं तशी रसायनवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कालपासून त्याच भीतीने त्या जेवल्या नव्हत्या. "मी थेंब सरांसमोरच मोजले होते," त्या म्हणाल्या. "माप बरोबर होतं ना, सर?"

दादाचा चेहरा लाल झाला. "माझ्या बापाचं इथे काय काम?"

मग साहेबांनाच हसू फुटलं आणि मेलेल्या माशांसमोर सगळे हसले. डॉक्टरीणही हसली. तिचे पुढचे दात वाकडे होते, म्हणून लहानपणापासून ती तोंडावर हात ठेवून हसे. दादाच्या अशा गमतींची घरात पोतडी भरली होती. वहिनी सांगायची, पीठ आणायला पाठवलं तर हे मीठ घेऊन येतात. विद्वान माणूस, लक्ष कुठे असतं त्याचं, असं म्हणून सगळे जेवताना हसायचे, आणि दादाही सगळ्यांकडे बघून थोडा उशिरा हसायचा.

आत्ताही तो थोडा उशिरा हसला.

३

आता प्रश्न एवढाच उरला की कॉक कोणी बंद केला.

रसायनवाल्या बाईंची हकिगत सरळ होती. हवा जोरात असली की थेंबांचा वास पाण्यात टिकत नाही, म्हणून त्या संध्याकाळी निघताना त्यांनी सरांना सांगितलं, हवा मंद करा, रात्रभर तशीच राहू द्या. "ब्लोअरचा आवाज चालू होता, पण त्यांनी नीट ऐकलं. उलट विचारलंसुद्धा, रात्रभर? मी म्हटलं, हो, रात्रभर. मग मी शेवटची बस गाठली. बसमध्ये आम्ही पाचजण होतो, विचारा कोणालाही."

"मंद हवेवर मासे जगतात?"

"आरामात. आधी दोनदा केलंय तसं. तेव्हा कॉक मी स्वतः फिरवला होता."

मग दादा. त्याची खोली हॉलला लागूनच होती, मधे नुसतं दार. डॉक्टरीण त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. भावाची उलटतपासणी घेताना तिला अवघडल्यासारखं झालं.

"तू किती वेळ होतास, दादा?"

"बराच वेळ. शेवटी मीच निघालो."

"मधलं दार लावलेलं होतं?"

"उघडंच असतं."

"हेडफोन होते कानांवर?"

"नाही. स्क्रीनवरच्या रेघा बघत होतो."

"भोंगा वाजला नाही?"

"सगळं शांत होतं." एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघू लागला.

"आणि हवा? बाईंनी सांगितलं तसं केलंस ना?"

"सांगितलं तसंच केलं," दादा म्हणाला. आवाज अगदी कोरडा होता.

इथेच पाणबुड्याच्या गळ्यातला फास आवळला. टाकीत मोठे मासे दाटीने होते. कॉक बंद झाला तर पाण्यातला प्राणवायू घटून कपातला चहा गार व्हायच्या आत भोंगा वाजायला लागणार. दादा तिथे बराच वेळ होता आणि सगळं शांत होतं, म्हणजे तो असेपर्यंत हवा चालू होती. तो गेल्यावर आत जाऊ शकणारा माणूस एकच.

त्या माणसाला भेटायला ती मागच्या खोलीत गेली. दारातच भांड्यांची गाठोडी बांधून ठेवलेली होती. म्हातारी एका गाठोड्यावर बसली होती, आणि लेकाकडे बघत नव्हती.

"मी आत पाऊल टाकलं नाही, डॉक्टरीणबाई," पाणबुड्या म्हणाला. "सरांचं रेकॉर्डिंग चालू असलं की आत यायचं नाही, चपलेचासुद्धा आवाज नको, असा त्यांचा हुकूम आहे. मी बाहेरून मोठं दार लावलं आणि घरी आलो. सर बाजूच्या दाराने जातात, ते ओढलं की लागतं. आणि इथे मागे जनरेटर. भोंगा काय, तोफ उडाली तरी कळायचं नाही."

"भोंगा वाजतो कसा?"

"टीं-टीं," त्याने करून दाखवलं. "मग थांबतो. मग परत टीं-टीं. कानात सुई घातल्यासारखा. सकाळी तासभर कान दुखत होते माझे."

"सर काही बोलले तुला?"

"काय बोलणार? चांगला माणूस. नोटीस वाचली आणि फळ्यासमोरच्या बाकावर मटकन बसले. मला वाटलं, निदान एकाला तरी माझं वाईट वाटलं."

डॉक्टरीण उठली. तिच्या मनात काहीतरी खुपलं होतं, पण काय ते नीट हाती येत नव्हतं. ती परत दादाच्या खोलीकडे निघाली, आणि वाटेत पहिल्यांदा तिला वाटलं, नको जायला.

४

"त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग दाखव," ती म्हणाली.

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे, मग पुन्हा तिच्याकडे. नाही म्हणायला कारण सापडलं नसावं. त्याने स्क्रीन सुरू केला.

पाण्यातला आवाज स्क्रीनवर चित्रासारखा उमटतो. खोल आवाज खाली, बारीक आवाज वर. हे वाचायला तिला दादानेच शिकवलं होतं. खाली माशांची घुरघुर जाड ठिपक्यांसारखी दिसते, आणि हवा चालू असली की बुडबुड्यांची पांढरी भुकटी सगळ्या चित्रावर सांडते. मंद हवेवर भुकटी थोडी, जोराच्या हवेवर फार. सांडते मात्र हमखास.

इथे भुकटी नव्हती. चित्र आरशासारखं लख्ख होतं.

"छान आलंय," ती हळूच म्हणाली.

"कधी नव्हे इतकं," दादा म्हणाला आणि जीभ चावल्यासारखा गप्प झाला.

खाली ठिपके सुरुवातीला दाट होते. मग विरळ झाले. मग एक इथे, एक तिथे. मग नाहीतच. "इथे मासे निजले असं वाटलं मला," दादा म्हणाला.

"आणि हे वर काय आहे?"

चित्राच्या अगदी वरच्या कडेला, ठिपके विरळ व्हायला लागले तिथून पुढे, तुटक रेघ चालली होती. दोन छोट्या रेघा, जागा, दोन छोट्या रेघा, जागा.

"विजेचा दोष असेल. वायर बदलायला सांगितलीय."

डॉक्टरीण ती रेघ बघत राहिली. टीं-टीं. जागा. टीं-टीं. भोंगा टाकीच्या भिंतीवरच ठोकलेला होता. भिंत थरथरली की पाणी थरथरणार, आणि पाण्यातला माइक ते टिपणार. तिने काही विचारलं नाही. तोंड धुवून येते म्हणाली आणि बाहेर पडली.

५

केंद्राच्या न्हाणीघरात बेसिनवर एक डाग पडलेला आरसा होता. डॉक्टरणीने दाराला कडी लावली आणि आरशात बघून आवाज न काढता म्हणाली, "मंद."

मग म्हणाली, "बंद."

ओठ दोन्हीला सारखेच मिटले, सारखेच उघडले. तिने पुन्हा करून पाहिलं. मीठ, पीठ. माप, बाप. आरशातल्या बाईने काय म्हटलं हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. म, ब, प: कानाला तीन अक्षरं, डोळ्याला एकच.

मग बाकीचं भराभर जागेवर बसलं. मास्क होता तेव्हा दादाला ओठ दिसले नाहीत, म्हणून सुरी मागितली तर त्याने अंदाजाने वहिनीची खुशाली सांगितली. कान जायला लागले की आधी बारीक आवाज जातात, जाड राहतात. माशाची घुरघुर त्याला ऐकू येत होती म्हणून जगाला तो कानसेन वाटला, आणि शेजारच्या हॉलमधला भोंगा त्याने कानाने ऐकला नाही, स्क्रीनवर पाहिला. पाहिला आणि ओळखला नाही. रसायनवाल्या बाई म्हणाल्या मंद, त्याने वाचलं बंद. नवल वाटलं म्हणून विचारलं, रात्रभर? त्या म्हणाल्या, हो. माणूस प्रामाणिक, त्याने सांगितलं तसंच केलं.

पण फळ्यावरची नोटीस छापील होती. तिथे ओठ नव्हते. तिथे स्वच्छ 'मंद' लिहिलेलं होतं, आणि ते वाचून तो बाकावर बसला होता. म्हणजे कालपासून त्याला सगळं माहीत होतं.

डॉक्टरीण बेसिनच्या काठाला धरून उभी राहिली. 'कारण निश्चित सांगता येत नाही', एवढे पाच शब्द लिहिले की दादा सुटत होता. वाक्य तिच्या मनात तयारही झालं, पूर्णविरामासकट. मग तिला गाठोड्यावर बसलेली म्हातारी आठवली आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने आरशाकडे पाठ केली. लाज एवढ्याचीच नव्हती. इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर आपण कशाला हसत होतो, तेही आता कळलं होतं. तेसुद्धा तोंडावर हात ठेवून, म्हणजे आपण काय म्हणून हसलो ते त्याला कधी दिसलंच नसेल.

ती बाहेर आली आणि साहेबांना म्हणाली, "सगळ्यांना हॉलमध्ये बोलवा. पाणबुड्यालाही. मी भोंगा तपासणार आहे."

६

हॉलमध्ये ब्लोअर घुमत होता. साहेब, रसायनवाल्या बाई आणि दारापाशी अंग चोरून पाणबुड्या. मधलं दार उघडं होतं आणि आत दादा पाठमोरा, स्क्रीनसमोर. माइक तिसऱ्या टाकीत सोडून चालू ठेव, एवढंच डॉक्टरणीने त्याला सांगितलं होतं.

तिने भोंग्याचं बटण दाबलं.

पाणबुड्या म्हणाला होता तसंच, कानात सुई गेल्यासारखं झालं. साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. बाईंनी डोळे मिटून घेतले. टीं-टीं, टीं-टीं. आत दादाची पाठ हलली नाही. मग तो स्क्रीनकडे बोट करून, मागे न बघता, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाला, "बघ, ती रेघ परत आली."

उत्तर आलं नाही म्हणून दादा वळला. त्याने कानांवर हात ठेवलेले साहेब पाहिले, भिंतीवर लुकलुकणारा भोंग्याचा लाल दिवा पाहिला, बटणावरचं बहिणीचं बोट पाहिलं. एकदा स्क्रीनवरच्या रेघेकडे बघितलं, एकदा दिव्याकडे. आणि ती रेघ म्हणजे काय ते त्याला कळलं.

डॉक्टरणीने बटण सोडलं. साहेब काही विचारायला पुढे झाले, तिने मानेनेच त्यांना थांबवलं. दादा चालत टाकीपाशी आला.

"हवा मी बंद केली," तो म्हणाला. "पाणबुड्याने नाही. बाईंनी बंद करा म्हटलं असं मला दिसलं. मला ऐकू येत नाही. आता तर बरंचसं येत नाही."

"दादा, काल नोटीस वाचलीस तेव्हा कळलं ना तुला?" बहिणीने विचारलं. आपला चेहरा उजेडात येईल अशी ती उभी होती.

"कळलं."

"मग?"

"मासे मेले याची लाज वाटली असती तर लगेच बोललो असतो, गं. मला ऐकू येत नाही याचीच जास्त लाज वाटली. सगळे कानसेन म्हणतात. एकदा 'काय?' विचारलं की लोक परत सांगतात. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणतात, जाऊ द्या. तिसऱ्यांदा हसतात. त्या संध्याकाळी मला नवल वाटलं होतं. रात्रभर हवा बंद कशी ठेवतील? पण परत विचारलं नाही. 'बंद की मंद' एवढं विचारलं असतं तर आज त्या माद्या जिवंत असत्या."

रसायनवाल्या बाई रडत होत्या. "मी तुमच्या मागून हाका मारायचे, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही वळायचा नाहीत. मला वाटायचं, मला मुद्दाम तोडताय." त्या जमिनीकडे बघून बोलत होत्या, त्यामुळे हे दादापर्यंत पोचलं नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

साहेबांनी घसा खाकरला, नोटीस आजच काढतो म्हणाले आणि फळ्याकडे निघून गेले. माप-बापवर सगळ्यात आधी हसलेला माणूस तोच होता, आणि ते त्याला आठवत असावं.

दादा पाणबुड्याकडे वळला. हात जोडायला गेला, पण ते अर्ध्यातच राहिले. "माझं चुकलं. एक दिवस मी तुला माझ्या जागी उभं केलं."

पाणबुड्याने मान खाली घातली आणि छातीतल्या छातीत काहीतरी पुटपुटला. वर ब्लोअर घुमत होता.

"काय म्हणालास?" दादाने विचारलं.

"काही नाही, सर. जाऊ द्या."

दादा आता ओशाळं हसेल आणि मान डोलावेल, हे बहिणीला माहीत होतं. इतकी वर्षं तो तेच करत आला होता. दादा हसला नाही. एक पाऊल पुढे गेला आणि पाणबुड्याच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "जाऊ नको देऊस. मला कळलं नाही. परत सांग."

पाणबुड्याने मान वर केली. दादाचे डोळे त्याच्या ओठांवर होते.

"काल रात्री आईने भांडी बांधली," तो सावकाश म्हणाला, एकेक शब्द सुटा करून. "आणि मला म्हणाली, माझ्यापाशी तरी खरं सांग. कॉक तूच बंद केलास ना?"

दादाने ते सगळं वाचलं. शेवटचं वाक्य त्याने स्वतःच्या ओठांनी पुन्हा म्हणून पाहिलं, बरोबर कळलं ना याची खात्री करावी तसं. मग म्हणाला, "चल. तुझ्या आईला मीच सांगतो."

दोघं मागच्या खोलीकडे निघाले. पाणबुड्या सवयीने दोन पावलं मागून चालत होता. मग काहीतरी मनात आलं आणि तो पुढे होऊन सरांच्या बाजूला, त्यांना आपलं तोंड दिसेल असा चालू लागला. डॉक्टरीण टाकीपाशी एकटी उरली. तिच्या लक्षात आलं, की मघाशी कधीतरी तिचा हात पुन्हा तोंडावर गेला होता. तिने तो खाली घेतला.